बेरिल टायसनची पहिली तक्रार

बेरिल टायसननं आयुष्यभर मोटारी, दुधाचे टँकर, कोळशाचे ट्रक आणि एकदा तर पोलिसांची गाडीसुद्धा नुसता हात दाखवून थांबवली. आमच्या स्केलरिगच्या शाळेसमोर, गोल पाटी लावलेली लांब काठी घेऊन पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं तिचं काम. अंगात पिवळा कोट, डोक्यावर टोपी, आणि थंडी असो वा वारा, चेहऱ्यावर तेच हसू. गावातली निम्मी माणसं लहानपणी तिच्या हाताला धरून पलीकडे गेलेली आहेत. मी नाही, कारण मी तिच्याच वर्गात होतो. पण याच बेरिलला कुणी केस पडलेलं सूप वाढलं, तर ती केस हळूच बाजूला काढून "फार छान झालंय हो" म्हणायची. हातात जोर होता, जिभेला मात्र भारी भीड.

ही मी तिची चेष्टा करत नाही. आम्ही सगळे तसलेच. आमच्याकडे "कसं काय?" विचारलं की बरं असेल तर "वाईट नाही" म्हणायचं, आणि वाईट असेल तरीही "वाईट नाही"च म्हणायचं. वादळानं छप्पर उडालेला माणूससुद्धा शेजाऱ्याला सांगतो, "चालायचंच, जरा हवा खेळती राहते." माझ्या बापाला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? बाप म्हणाला, तक्रार नाही. डॉक्टर बॅग उचलून निघालेच होते. आईनं दार अडवलं म्हणून बाप वाचला. तक्रार करणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरणं, अशी आमची समजूत, आणि या समजुतीपायी आम्ही फार सोसलेलं आहे.

एकाच गोष्टीला या नियमातून सूट होती, ती म्हणजे रेल्वे. आमच्या लहानपणी रेल्वे देशाची होती, आणि तिला शिव्या घालायला कुणाला परवानगी लागत नसे. बेरिलचा बाप जॉस टायसन रुळांवर गँगमन होता. आयुष्यभर पोटाला रेल्वेनंच घातलं, आणि घरी येऊन चहाचा कप हातात घेतला की त्याची सुरुवात व्हायची: गाडी उशिरा, डबा गळका, उपाहारगृहातलं सँडविच चपलेच्या तळव्यासारखं. बेरिल आणि तिची धाकटी बहीण मेव्हिस ते ऐकत मोठ्या झाल्या. म्हातारा मेला त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा शिट्टी ऐकून घड्याळाकडे बघून म्हणाला, "आली एकदाची महाराणी."

मग आम्ही चाळिशी ओलांडली त्या सुमारास लंडनच्या शहाण्यांनी रेल्वेचे तुकडे केले आणि विकून टाकले. आमच्या वाट्याला जी कंपनी आली तिचे डबे लालभडक. माझं मासे आणि बटाटे तळायचं दुकान फलाटासमोरच आहे, तिथल्या सॉसच्या बाटल्यांवरून मी तिला "सॉसवाले" नाव ठेवलं, आणि ते गावभर झालं. पहिल्यांदा रंगरंगोटी झाली, छान छान गणवेश आले. मग हळूहळू गाड्या रद्द व्हायला लागल्या. आज ड्रायव्हर नाही, उद्या डबा नाही. आणि गंमत बघा, गाड्या जसजशा बिघडल्या तसतशी गावाची कुरकुर कमी झाली. पार थांबलीच. फलाटावर तास तास उभी राहायची माणसं, पण कुणाच्या तोंडातून ब्र नाही.

आमचं स्टेशन म्हणजे एक बाक, एक दिवा आणि दोन डबे मावतील एवढा फलाट. इथे गाडी आपणहून थांबत नाही. ज्याला चढायचं त्यानं फलाटाच्या कडेपासून जरा मागे उभं राहून हात धरायचा. वर नाही, आडवा, खांद्याच्या रेषेत, आणि ड्रायव्हर शिट्टी देईपर्यंत खाली आणायचा नाही. आमच्या पोरांना हे चालायला लागण्याच्या आत शिकवतात. बेरिल तर या कामात बालपणापासून तरबेज.

मेव्हिसला विसर पडायला लागला तेव्हा तिला खाडीपलीकडे कर्कहेवनच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. दोघी बहिणी तोवर बापाच्याच घरात राहिलेल्या, दोघींनीही लग्न केलेलं नाही. बेरिल दर गुरुवारी गाडीनं पलीकडे जायची, डब्यात मांसाचं सारण भरून भाजलेला 'मीट-पाय' घेऊन. तिकडे बस जात नाही, रस्ता खाडीला वळसा घालून डोंगरातून जातो, आणि बेरिलला मोटार चालवता येत नाही. मेव्हिसला पुढे पुढे नावं आठवेनात, वर्ष आठवेना, पण गुरुवार बरोबर कळायचा. सकाळीच कोट घालून खिडकीत बसायची. आणि ज्या गुरुवारी गाडी रद्द व्हायची त्या गुरुवारी ती संध्याकाळपर्यंत कोट काढायची नाही. आश्रमातल्या नर्सनं हे बेरिलला सांगितलं, आणि बेरिलनं ते मला सांगितलं. वर म्हणाली, "पण नर्स किती चांगली आहे रे, स्टॅन."

एकदा तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बेरिल फलाटावर, हात आडवा, पिवळा कोट, मैलभरावरून आंधळ्यालाही दिसावा असा. सॉसवाल्यांची गाडी आली आणि शिट्टी न देताच सरळ निघून गेली. हातात मेव्हिसचा डबा घेऊन बेरिल तिच्या शेपटाकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "सॉरी."

मी दुकानातून ओरडलो, "अगं बये, सॉरी कुणाला म्हणतेस? तिनं म्हणायचं तुला!"

"उशीर झाला असेल रे त्यांना," ती म्हणाली. मी तळणीत बटाटे इतक्या जोरात सोडले की तेल हातावर उडालं.

आता खरी चूक कशी झाली ते सांगतो. सॉसवाल्यांचं कंत्राट संपत आलं होतं. देशभर लोक म्हणायला लागले होते, की पुरे झालं, आपली रेल्वे आपल्याला परत द्या. सरकारनं खोऱ्याखोऱ्यातून लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. ते ऐकायला येण्याआधी कंपनीनं आपली माणसं फलाटाफलाटावर पाठवली. आमच्याकडे आली ती लाल जाकिटातली एक बाई, हातात टॅबलेट. आडवा पाऊस, छत्री उलटी झालेली, बुटांत पाणी. ती प्रत्येकाला विचारत होती, "आमच्या सेवेबद्दल काय वाटतं?"

आता भिजलेल्या बाईला तोंडावर वाईट कोण म्हणणार? विल्फ डिक्सन म्हणाला, "तक्रार नाही." दळणवळणावर माझ्या दुकानात दररोज भाषण देणारी आमची लायब्ररीवाली म्हणाली, "याहून वाईट पाहिलंय." मीही, देवा क्षमा कर, "चालायचंच" म्हणालो. आणि बेरिलनं तर तिला बाकावर बसवलं, थर्मासमधला चहा दिला, स्वतःचा रुमाल दिला, आणि म्हणाली, "वाईट नाही हो. तुम्ही लोक खूप करता." बाईनं विचारलं, फोटो काढू का? बेरिल म्हणाली, काढा की.

पंधरवड्यात फलाटावर माणसापेक्षा मोठी जाहिरात लागली. पिवळ्या कोटात हसणारी बेरिल, आणि खाली: "तुम्ही खूप करता!" बाजूला बारीक अक्षरांत, या मार्गावरचे जवळजवळ सगळे प्रवासी समाधानी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि त्याच आठवड्यात बातमी आली, की नवं कंत्राट मिळालं तर कंपनी वेगवान गाड्या सोडणार आणि लहान थांबे बंद करणार. आमचा थांबा पहिला.

गावानं बेरिलला सोडलं नाही. आमची माणसं तक्रार करत नाहीत, पण टोमणे मारतात. विल्फ माझ्या दुकानात रांगेत उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "चला, निदान जाहिरातीत तरी बेरिल स्टेशनवर कायमची राहणार."

बेरिल त्याच्या मागेच होती. तिनं आपले मासे घेतले, व्हिनेगर घालायला विसरली, आणि दारापर्यंत जाऊन परत आली.

"स्टॅन," ती म्हणाली, "थांबा बंद झाला तर मेव्हिसला कोण सांगणार, की गुरुवार नाही आता म्हणून?"

मी तिला जास्तीचे मटार दिले, माझ्याच्यानं तेवढंच झालं.

सुनावणी आमच्या गावच्या हॉलमध्ये झाली. चहाची मोठी किटली, बशीत स्कोन नावाचे गोड पाव, पुढे टेबलामागे सरकारनं नेमलेल्या अध्यक्षबाई, आणि शेजारी कंपनीचे मिस्टर हॅलम, राखाडी सूट, गोड आवाज. हॉल भरलेला, पण सगळे कपात बघत बसलेले. हॅलमसाहेबांनी पडद्यावर बेरिलचा फोटो लावला.

"मी माझं काही बोलतच नाही," ते म्हणाले. "या बाईंचंच ऐका. आपल्याच गावच्या आहेत."

सगळ्या माना बेरिलकडे वळल्या. मी तिच्या शेजारीच होतो. तिचे कान लाल झाले होते.

विल्फ डिक्सन उठला. विल्फ वाईट माणूस नाही, पण त्याला रिकामी जागा दिसली की तो तिथे मत ठेवतो. "आणि सरकारी होती तेव्हा काय सोनं लागलं होतं हो?" तो म्हणाला. "तेव्हाही उशिराच यायची. सँडविच तर असं, की कुत्र्यानंसुद्धा मालकाकडे बघावं."

हॉल हसला. हॅलमसाहेब सगळ्यांत जास्त हसले. आणि बेरिल उभी राहिली.

ती पुढे गेली. माइकशी कसं उभं राहायचं ते तिला माहीत नव्हतं, ती तिथेही कडेपासून जरा मागे उभी राहिली. मग म्हणाली, "माफ करा. मला तक्रार करायची आहे."

हॉलमध्ये चमचा पडल्याचा आवाज आला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बोला ना."

"थोडीशीच," बेरिल म्हणाली. मग थांबली. "नाही. थोडीशी नाही. तो फोटो माझा आहे, शब्दही माझेच आहेत. पण ते मी त्या भिजलेल्या बाईला म्हणाले होते. तुमच्या गाडीला नाही. अहो साहेब, ती बिचारी पावसात तुमच्या वतीनं उभी होती, तिला मी काय बोलणार? तुम्ही आला असता तर निराळं बोलले असते."

हॅलमसाहेबांनी तोंड उघडलं. बेरिलनं हात वर केला, तळवा पुढे, चाळीस टनी ट्रक थांबवायचा तो हात. साहेबांनी तोंड मिटलं.

"माझी बहीण गुरुवारी कोट घालून बसते," ती म्हणाली. "तुमची गाडी येत नाही. ती कोट काढत नाही. गाडी आली तर माझा हात दिसत नाही तुम्हाला. मी हात आडवा धरून उभी, आणि गाडी निघून गेली, आणि सॉरी मी म्हणाले! मी! त्याची मला लाज वाटते. आणि विल्फ, तू बस खाली. तुझी शाळेची पिशवी मी वाहिलीय, मला शिकवू नकोस. हो, माझ्या बापाच्या वेळीही गाडी उशिरा यायची. रोज शिव्या घालायचा तो तिला. का? कारण ती त्याची होती. आपण परक्याला कधी बोलतो का? परक्याला आपण 'वाईट नाही' म्हणतो, आणि दार लावून घेतो. बोलतो आपण घरच्याला. मला पुन्हा बोलायचंय. मला माझी गाडी परत द्या, मी तिला बोलेन."

ती बाजूला झाली, तर मागे विल्फ उभा होता. टोपी हातात. "मलाही जरा तक्रार करायची आहे," तो म्हणाला. "इंटरव्ह्यूला जाताना माझ्या नातीची गाडी रद्द झाली. नोकरी गेली पोरीची. मी त्या बाईला म्हणालो, तक्रार नाही. आहे हो. चांगली मोठी आहे."

आणि मग आमच्या गावात जे फक्त आमच्याच गावात होऊ शकतं ते झालं. विल्फच्या मागे लायब्ररीवाली जाऊन उभी राहिली, तिच्या मागे शाळेचे मास्तर, त्यांच्या मागे दुधवाला. कुणी काही बोललं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. रांग लागली! आम्हाला बंड करता येत नाही, घोषणा देता येत नाहीत, पण रांग लावायला सांगावं लागत नाही. रांग खुर्च्यांच्या कडेनं गेली, दारातून बाहेर गेली, दारूच्या गुत्त्यासमोरून वळली. आतली माणसं ग्लास हातात घेऊन बाहेर आली.

"कसली रांग रे?"

"तक्रारीची."

"कुणाबद्दल?"

"सॉसवाल्यांबद्दल."

"मग सरक की जरा," असं म्हणून ती शेवटी जाऊन उभी राहिली.

वर्षानुवर्षांचं साचलेलं एकेकानं माइकसमोर ओतलं. कुणाची परीक्षा चुकली होती, कुणाला बापाच्या अंत्ययात्रेला पोचता आलं नव्हतं. बोलून झाल्यावर प्रत्येक जण हॅलमसाहेबांना "धन्यवाद" म्हणत होता, कारण सवय एका दिवसात जात नाही. मी माझी पाळी आल्यावर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बेरिल रांगेतल्या लोकांना चहा देत होती.

शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "रेल्वे परत लोकांच्या मालकीची व्हावी, असं किती जणांना वाटतं? हात दाखवा."

कुणाचाही हात वर गेला नाही. क्षणभर हॅलमसाहेबांचा चेहरा उजळलासुद्धा. पण ते आमचे नव्हते, त्यांना काय कळणार? आम्ही हात दाखवले ते आमच्या रीतीनं दाखवले. आडवे, खांद्याच्या रेषेत. शेजाऱ्याच्या नाकासमोरून, कपांवरून, दाराबाहेरच्या रांगेतसुद्धा, सगळं स्केलरिग हात आडवा धरून उभं. आणि कुणीही हात खाली आणेना. अध्यक्षबाई गोंधळल्या. मग खिडकीतून त्यांना फलाट दिसला असावा आणि गाडी थांबवायची आमची रीत आठवली असावी, कारण त्या हळूच म्हणाल्या, "ठीक आहे. दिसले सगळे." तेव्हा कुठे हात खाली आले. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, तळणीच्या धुराशिवाय कशानं माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, पण त्या दिवशी आलं.

एका हॉलनं देश बदलत नाही, हे मला कळतं. पण हॉल आमचा एकटाच नव्हता. खोऱ्याखोऱ्यातून, शहराशहरातून माणसं तेच म्हणाली, आणि वर ऐकावं लागलं. कंत्राट संपलं, पुन्हा दिलं गेलं नाही. जाहिरात उतरवायला माणूस आला तेव्हा बेरिलनं त्याला चहा दिला. पण उतरवल्यावर ती घडी घालून नेली मात्र तिनंच, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला. पावसाला चांगली आहे म्हणाली.

आपली गाडी पहिल्यांदा यायची होती तो दिवस गुरुवार होता. कुणी ठरवलं नव्हतं, तसाच आला. गावचा बँड फलाटावर मावेना, तो माझ्या दुकानासमोर वाजवत होता. शाळेची पोरं कुंपणावर चढलेली. मी दुकान बंद केलं, आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी, आणि मेव्हिससाठी गरम मासे कागदात गुंडाळून बेरिलबरोबर निघालो.

वेळ झाली. गाडी आली नाही. बँडनं तीच चाल दुसऱ्यांदा वाजवली, मग तिसऱ्यांदा. विल्फनं घड्याळ बघितलं, पण तोंड उघडलं नाही, एवढं त्याला कळलं होतं. मग वळणावर ती दिसली. डबे तेच, लाल रंग अजून उतरवलेला नव्हता. बेरिल पुढे झाली आणि तिनं हात आडवा धरला.

शिट्टी झाली. आधी एक, मग ड्रायव्हरला राहवलं नसावं, तो वाजवतच राहिला. गाडी बेरिलच्या समोर येऊन उभी राहिली, दार नेमकं तिच्यापुढे. टोप्या उडाल्या, पोरं किंचाळली, आणि दारात हसणारी गार्ड उभी होती.

"या बाई," ती म्हणाली, "चढा. तुमचीच गाडी आहे."

बेरिलनं पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. "माझी आहे ना?" तिनं विचारलं.

"तुमचीच."

"मग उशीर का झाला?" बेरिल म्हणाली. "माणसं उभी आहेत कधीची. मासे गार होतायत. आणि ही पायरी पुसत नाही का कुणी? बाप बघायला नाही म्हणून बरं!"

एवढ्या मोठ्यानं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. गार्ड हसत हसत म्हणाली, "चुकलं बाई, उद्या पुसते," आणि फलाटावरच्या लोकांनी बँडपेक्षा मोठा गजर केला. खाडीवरच्या पुलावरून जाताना बेरिल सगळ्या डब्यांतून फिरून आली आणि तिनं येऊन मला सांगितलं, की दोन खिडक्या उघडत नाहीत आणि चहा कोमट आहे. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

कर्कहेवनला मेव्हिस खिडकीत बसली होती, कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आम्हाला बघून तिनं तोंड फुगवलं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"मी नाही केला गं," बेरिल म्हणाली, आणि खाली वाकून तिच्या कोटाची बटणं एकेक काढायला लागली. "गाडीनं केला. चांगली बोलले मी तिला."

मेव्हिसनं तिच्याकडे बघितलं. मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी नेमकं आठवलं.

"बाबांसारखी?" तिनं विचारलं.

"बाबांसारखीच," बेरिल म्हणाली, आणि तिचा कोट काढून खुंटीला अडकवला.